मिथेनपासून सिनगॅस : धातू बदलण्याआधी या चुका टाळा

अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनतो. त्यासाठी लागणारा हायड्रोजन मिळतो तो निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेन आणि वाफेची अभिक्रिया घडवून. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. यातून आधी सिनगॅस निघतो, म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण. त्याच निकेलवर प्रयोगशाळेत काम करताना निकाल बिघडला की पहिला संशय धातूवर जातो. मग कोणी सेरियम घालतं, कोणी कोबाल्ट. माझं ठाम मत आहे की त्याआधी तराजू आणि हवा तपासावी.

उत्प्रेरकात निकेल घालायचं ते निकेल नायट्रेट या क्षाराच्या रूपात, आणि कोकणच्या पावसाळ्यात ते बाटलीतच पाघळतं. त्याच्या हेक्साहायड्रेटच्या (सहा पाण्याचे रेणू असलेल्या रूपाच्या) १०० ग्रॅममध्ये निकेल असतं जेमतेम २० ग्रॅम. त्यात ओलावा शिरला की वजन बरोबर भरतं, पण धातू कमी पडतो. निकेल ज्या आधारावर बसवतात ती गॅमा ॲल्युमिनाही (ॲल्युमिनियम ऑक्साइडची सच्छिद्र पावडर) पाणी धरून ठेवते. ती १२० अंशांवर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि लगेच तोला. निकेल नायट्रेटचं द्रावण करून त्यातलं निकेल ईडीटीए या धातूला बांधणाऱ्या रसायनाने मोजून घेतलं तर उत्तम. पाणी मात्र डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलंच हवं. खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड निकेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला मदत करतं.

भट्टीत ८०० अंशांवर भाजलेली पावडर निळसर दिसली तर निकेल ॲल्युमिनाशी जोडलं जाऊन निकेल ॲल्युमिनेट झालं असं समजा. ५०० अंशांवर त्याचं क्षपण (हायड्रोजन देऊन पुन्हा धातू बनवणं) जवळजवळ होतच नाही, आणि दोष उत्प्रेरकावर येतो. ८०० च्या वर हायड्रोजन दिलात तर त्याच पावडरीतून बारीक, टिकाऊ कण मिळतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते मोजमाप. सिनगॅस वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड घेऊनही बनवतात. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या या अभिक्रियेत २ मोल वायूचे ४ मोल होतात, म्हणजे बाहेरचा प्रवाह वाढतो. समजा दोन्ही वायू सारख्या प्रमाणात घेतले आणि निम्मा मिथेन वापरला गेला. बाहेर त्याचं प्रमाण ५० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर येतं. प्रवाह तोच धरला तर रूपांतर ५० ऐवजी ६७ टक्के निघतं! नायट्रोजन अभिक्रियेत भाग घेत नाही, म्हणून वायूत तो ठरावीक मिसळा आणि सगळा हिशोब त्याच्या आधारे करा. दुसरं म्हणजे, प्रवाह मंद ठेवून ८०० अंशांवर तुलना करू नका. सगळेच उत्प्रेरक समतोलापाशी (अभिक्रिया ज्याच्या पुढे जात नाही त्या मर्यादेपाशी) पोहोचतात आणि निकेल, रुथेनियम सारखेच दिसतात. उत्प्रेरक कमी घ्या, प्रवाह वाढवा.

रूपांतर स्थिर आहे म्हणून कार्बन साचत नाही असंही मानू नका. कार्बनचे तंतू निकेलचे कण टोकावर उचलून वाढतात. कण काम करत राहतात आणि नळी तुंबते, म्हणून दाबातला फरक रोज लिहून ठेवा. मासळीच्या कचऱ्याचा बायोगॅस वापरत असाल तर हायड्रोजन सल्फाइड आधी काढा, नाहीतर निकेलवर गंधक बसतं. झिंक ऑक्साइडचा थर ३५० ते ४०० अंशांवर हे काम चांगलं करतो.

भट्टी बंद करताना घाई नको. २०० अंशांखाली निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र राहिले तर निकेल कार्बोनिल तयार होतं. ते अत्यंत विषारी असतं. तापमान २०० अंशांच्या बरंच वर असतानाच मिथेन-सिनगॅस बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा.