नोकरी गेल्यानंतरची बिले, हप्ते आणि देणी: या चुका टाळा

हिंजवडीतील संगणक कंपनी असो वा चाकणचा कारखाना, पगार थांबला तरी गृहकर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच खात्यातून वळता होतो, महावितरणचे बिल येते, सोसायटीचा देखभाल खर्च लागतो आणि शाळेच्या फीची आठवणही येऊन धडकते. अशा काळात कुटुंबाचे नुकसान केवळ पैसे अपुरे पडल्याने होत नाही. हाती असलेले पैसे चुकीच्या क्रमाने वाटले गेल्यानेही ते बरेच वाढते. जो दिवसातून पाच वेळा फोन करतो त्याचे देणे आधी भागवले जाते, आणि ज्याची थकबाकी वाढल्यास डोक्यावरचे छप्पर किंवा विम्याचे संरक्षण जाऊ शकते, त्याचे देणे मागे पडते. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

तगादा पाहून पैसे देणे

क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज ही विनातारण कर्जे असतात. तातडीने जप्त करता येईल अशी वस्तू त्या सावकारांच्या हाती नसल्यामुळे त्यांचा सारा भर फोन आणि संदेशांवर असतो. गृहकर्ज देणारी बँक मात्र पहिले दोन महिने तुलनेने शांत असते, कारण घर तिच्याकडे गहाणच आहे, आणि या शांततेचा अर्थ लोक चुकीचा लावतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जाचे, ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ (बँकांना तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करू देणारा कायदा) याच्या कलम १३ नुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि तेवढ्या मुदतीत पैसे न भरल्यास दिवाणी दावा न लावताही घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते.

म्हणून देण्यांची यादी करताना प्रत्येक नावापुढे रक्कम आणि तारीख यांच्याबरोबर ‘न दिल्यास काय होईल’ हा तिसरा रकाना आखावा. त्या रकान्याप्रमाणे किराणा, औषधे, वीज, गॅस, आरोग्य विम्याचा हप्ता आणि घरभाडे किंवा गृहकर्ज ही देणी वर येतात. वाहनावरच पोट अवलंबून असेल तर त्याचे कर्जही वर घ्यावे, अन्यथा ते खाली राहू द्यावे. विनातारण कर्जे त्यानंतर येतात. याला माझ्या मते एक अपवाद करावा: पतसंस्थेचे कर्ज. त्याला बहुधा दोन सहकारी किंवा नातेवाईक जामीन राहिलेले असतात आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपला हप्ता थकला की पतसंस्थेची नोटीस त्यांच्या घरी जाते. त्यांना ती बातमी नोटिशीतून कळण्याआधी आपण स्वतः सांगितलेली बरी.

ही यादी एकट्याने करू नये. घरात न सांगता सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारे लोक पुण्यात आजही आहेत, आणि त्या लपवाछपवीच्या काळात घरचा खर्च पूर्वीच्याच मानाने चालू राहतो.

हप्ता परत गेल्यावर बँकेत जाणे

खात्यात पुरेशी शिल्लक नसताना हप्ता आपोआप वळता करण्यासाठी बँकेला दिलेली आज्ञा परत गेली की आपली बँक आणि कर्ज देणारी संस्था अशा दोन्ही बाजूंनी दंड लागतो, आणि तीच आज्ञा पुन्हा सादर झाल्यास तो पुन्हा लागतो. शिवाय धनादेश न वटण्याप्रमाणेच खात्यात रक्कम नसल्यामुळे हप्त्याची इलेक्ट्रॉनिक आज्ञा परत जाणे हाही पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्यावा. अर्जात कर्ज खाते क्रमांक, नोकरी सुटल्याची तारीख, सध्या दरमहा किती रक्कम भरता येईल आणि किती महिने सवलत हवी, हे स्पष्ट लिहावे, सोबत कार्यमुक्तीचे पत्र जोडावे आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का मारून पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबून घरी परतणे ही या टप्प्यावरची सर्वांत सामान्य चूक होय, कारण ज्या अधिकाऱ्याने ते दिले त्याची बदली होते आणि संगणकावर कशाचीच नोंद नसते.

मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने मिळालेली हप्त्यांची स्थगिती अनेकांच्या लक्षात आहे, आणि तशीच सवलत आपोआप मिळेल असे त्यांना वाटते. ती महामारीपुरती व्यवस्था होती, आणि त्या महिन्यांचे व्याज तेव्हाही माफ नव्हते. आज जे मिळू शकते ते बँकेच्या धोरणानुसार आणि अर्जदाराची परिस्थिती पाहून मिळते: मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही महिने केवळ व्याज भरणे. अटींतल्या अशा बदलाला बँक पुनर्रचना म्हणत असेल तर त्याची नोंद पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालात, होऊ शकते, म्हणून सही करण्यापूर्वी तसे विचारून घ्यावे.

मुदतवाढीची किंमतही मांडून पाहावी. समजा ३० लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे, दर साडेआठ टक्के आहे आणि १० वर्षे उरली आहेत. तर हप्ता सुमारे ३७,२०० रुपये येतो. मुदत २० वर्षे केली की तो सुमारे २६,०३५ रुपयांवर उतरतो; दरमहा ११,००० रुपयांहून अधिक हाती राहतात, पण एकूण व्याज सुमारे साडेचौदा लाखांवरून साडेबत्तीस लाखांवर जाते. तरीही घर वाचत असेल तर ही सवलत घ्यावी, असेच मी म्हणेन. नवी नोकरी लागल्यावर मात्र हप्ता पुन्हा वाढवून घ्यावा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व परतफेडीचा आकार पडत नाही.

कार्डाची किमान रक्कम भरून निश्चिंत होणे

एक लाखाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरल्यास ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्क्यांनी ६३० रुपये वस्तू व सेवा कर लागतो. किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरले, तर मुद्दल फिटते केवळ ८७० रुपयांचे. त्यातच थकबाकी पुढे नेली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते आणि किराणा मालावर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. कार्ड घरखर्चासाठी वापरणे ताबडतोब थांबवावे आणि शिल्लक रकमेचे कमी दराच्या हप्त्यांत रूपांतर करून मिळेल का, हे बँकेला विचारावे. एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचे बिल भरणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. रोख रकमेवर बिनव्याजी मुदत नसते आणि काढण्याचे शुल्क वेगळे लागते.

कंपनीतून निघतानाच्या चुका

कपात करताना ‘राजीनामा द्या, म्हणजे पुढच्या नोकरीला अडचण येणार नाही’ असे सांगितले जाते. कर्जासोबत घेतलेल्या विम्यात नोकरी जाण्याचे संरक्षण असले, तरी स्वेच्छेने दिलेला राजीनामा त्यात सहसा बसत नाही. म्हणून सहीपूर्वी ती पॉलिसी शोधून वाचावी आणि कपात झाल्याचा उल्लेख पत्रात यावा असा आग्रह धरावा. पाच वर्षे सेवा झालेली असल्यास उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, अर्ज त्याच वेळी द्यावा. कारखान्यातील कामगार पतसंस्थेचे कर्ज असेल तर अंतिम हिशेबातून ती रक्कम वळती होते. त्यामुळे हिशेबाचा आकडा हाती येईपर्यंत त्यावर कुणालाही वायदा करू नये.

भविष्य निर्वाह निधीबाबत दोन टोकाच्या चुका होतात: कुणी त्याला हातच लावत नाही, तर कुणी पहिल्याच महिन्यात तो काढून सारी देणी भागवतो. २०२४-२५ साठी या निधीवर ८.२५ टक्के व्याज होते. त्यामुळे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागणारे कार्ड त्यातून फेडणे हिशेबाने योग्य ठरते. साडेआठ टक्क्यांच्या गृहकर्जाचे मुद्दल त्यातून फेडणे मात्र घाईचे होईल, कारण पुढील महिन्यांचा किराणाही त्यातूनच यायचा असतो. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र असते आणि ती ५०,००० रुपये किंवा अधिक असल्यास पॅन दिलेला असूनही १० टक्के कर कापला जातो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही म्हणून दावा अडकला असेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती संकेतस्थळावर स्वतः नोंदवता येते.

ज्यांचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत होते आणि कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) कपात होत होती, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी बिबवेवाडी येथील कार्यालयात अवश्य करावी. अटी पूर्ण होत असल्यास सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली असल्याने ती सध्या लागू आहे का, हेही तेथेच विचारावे.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या दिवसापूर्वी केल्यास जुन्या आजारांचा खर्च मिळण्यासाठी थांबावे लागणारा आणि आधीच पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर नाही. हप्ता परवडतच नसेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकेच्या आधारे मिळणारे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तरी तपासून ठेवावे.

किरकोळ वाटणारी बिले

वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. तेवढ्या काळात उपविभाग कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागावेत. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला तर तो फसवणुकीचा आहे असे समजावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

मिळकतकराच्या थकबाकीवर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका दरमहा दोन टक्के शास्ती लावतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. गृहकर्जाच्या दराच्या हे जवळजवळ तिप्पट होते. सोसायटीलाही आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर कमाल २१ टक्के सरळव्याज लावता येते. दोन्ही रकमा तशा लहान असल्याने त्या साठू न देणे हिताचे. समितीच्या सचिवांना लेखी कळवून भागशः रक्कम भरत राहावे, आणि जमल्यास नाव फलकावर लागण्याआधीच.

सोने, ठेवी आणि झटपट कर्ज

बँकेतली मुदत ठेव जशीच्या तशी ठेवून कार्डावर व्याज भरत राहणारी कुटुंबे आश्चर्य वाटावे इतकी आहेत. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उरलेली ठेव मोडावी आणि सर्वांत महाग कर्ज फेडावे. सोन्याविषयीचा माझा सल्ला काहींना रुचणार नाही: उत्पन्न कधी सुरू होईल याचा अंदाज नसेल तर दागिने तारण ठेवण्यापेक्षा त्यांतले थोडे लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे जाऊन मोडलेले बरे. तारणावर व्याज चढत जाते, आणि ते थकले की सगळेच दागिने लिलावात जाऊ शकतात. नवी नोकरी पक्की असेल आणि प्रश्न दोन-तीन महिन्यांचाच असेल, तर तारण कर्ज ठीक आहे.

मोबाइलवर मिळणारे कर्ज घेण्याची वेळ आलीच तर ते कोणत्या बँकेचे किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचे आहे हे पाहावे, आणि व्याज, शुल्के व एकूण खर्च सांगणारे महत्त्वाच्या बाबींचे विवरणपत्र मिळाल्याशिवाय स्वीकारू नये. फोनमधील संपर्कयादीची परवानगी मागणारे ॲप तिथेच काढून टाकावे. परवाना नसताना सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

हप्ते आधीच थकले असतील तर

वसुली प्रतिनिधींचे फोन घेणे पूर्णपणे बंद करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांनुसार त्यांनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करणे, धमकावणे किंवा नातेवाइकांसमोर अपमान करणे निषिद्ध आहे. अशा प्रकारांची तारीख व वेळ लिहून ठेवावी, बँकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे तक्रार करण्यास शुल्क नाही. खातेउताराही बारकाईने तपासावा. उशिराबद्दलचा दंड व्याजदरात मिसळण्यास आणि त्यावर पुन्हा व्याज लावण्यास २०२३ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे.

तडजोडीचा प्रस्ताव फोनवरून आला तर पैसे देण्यापूर्वी बँकेचे पत्र मागावे, रक्कम केवळ कर्ज खात्यातच भरावी आणि वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यावर कधीही पाठवू नये. तडजोडीने बंद झालेले खाते पतअहवालात पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळे दिसते, आणि पुढील कर्जाच्या वेळी ते आडवे येते. शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत बँकांची दाखलपूर्व, म्हणजे न्यायालयात दावा दाखल होण्याआधीची, प्रकरणे घेतली जातात. तेथे न्यायालय शुल्क लागत नाही आणि झालेला निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो.

सरफेसीची ६० दिवसांची नोटीस आली असेल तर त्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, कारण बँकेला तिचे कारणांसह उत्तर १५ दिवसांत द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत पुण्यातील कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. हप्ता आवाक्यात येण्याची शक्यताच दिसत नसेल, तर लिलावाची वाट न पाहता बँकेच्या संमतीने घर स्वतः विकावे. खुल्या बाजारातला भाव बहुधा लिलावापेक्षा बरा येतो आणि कर्ज फिटून उरलेले पैसे हातात पडतात. विक्रीच्या व्यवहारात खरेदीदाराची बँक मूळ कागदपत्रांसाठी घाई करते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ती परत करणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, आणि तिच्यामुळे विलंब झाल्यास तिला दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.