पेटीचा वरचा थर आणि तीन गोळ्यांचा ग्रुप: सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या रेंजवर एक पोरगा आला. कॉलेजात एनसीसी केलेला, हात स्थिर, डोक्यात हवा थोडी. आल्या आल्या मोबाइल पुढे केला. क्लबच्या सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी स्वतःच भरणाऱ्या) पॉइंट टू-टू (०.२२ इंच बोअरच्या) रायफलने ५० मीटरवर मारलेल्या तीन गोळ्या, आणि तिन्ही भोकं झाकणारं दहा रुपयांचं नाणं. दुसऱ्या दिवशी तीच रायफल, तीच गोळी, तोच पोरगा, पण भोकं करवंटीच्या तोंडाएवढ्या जागेत पसरली. मला म्हणाला, "काकानू, रायफल बिघाडली दिसता."

रायफलला काही झालं नव्हतं. पहिल्या दिवशी तो तीन गोळ्या मारून थांबला होता, दुसऱ्या दिवशी त्याने दहा मारल्या. देवगडात मोठा झालेल्या माणसाला मी आणखी काय सांगणार? हापूसच्या पेटीचा वरचा थर बघून पेटीचा भाव करत नाहीत, हात खाली घालून बघतात. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, हा वरचा थर.

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठा होतो. रायफल थकते म्हणून नव्हे, हा साधा हिशेब आहे. एखादी रायफल तीन गोळ्यांचा सरासरी २४ मिलिमीटरचा ग्रुप देत असेल, तर तीच रायफल पाच गोळ्यांना सुमारे ३१ आणि दहा गोळ्यांना सुमारे ३८ मिलिमीटर देते. नळी तीच आणि हातही तोच. शिवाय २४ ही झाली सरासरी. तीन-तीन गोळ्यांचे दहा ग्रुप मारा, एखादा १२ चा निघेल आणि एखादा ४० चा. लोक १२ चा फोटो काढतात आणि ४० च्या वेळी "वारा होता" म्हणतात. त्यामुळे रायफलचा आकडा दहा गोळ्यांवरूनच सांगायचा, तोही एका ग्रुपवरून नाही, निदान तीन ग्रुपच्या सरासरीवरून. मोजायचं सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. ते जमत नसेल तर बाहेरच्या कडा मोजा आणि गोळीचा व्यास वजा करा. पॉइंट टू-टूला तो ५.६ मिलिमीटर. आणि मोजण्याआधी "ही गेली ती माझी चूक" म्हणून एखादं भोक वगळायचं नाही. चूक झाली हे ट्रिगर दाबल्या क्षणी, भोक बघायच्या आधी बोललात तरच ते ग्राह्य.

आता अपेक्षा किती ठेवायची? नेमबाजीत अचूकता कोनाच्या मिनिटात सांगतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, ५० मीटरवर त्याच्या निम्मं. मी नोकरीत वापरली ती इशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. साध्या बॉल राऊंडने (नेहमीच्या लष्करी गोळीने) तिच्याकडून तीन ते पाच मिनिटं मिळाली की ती निरोगी. आमच्या वेळी १०० यार्डांवर पाच राऊंड चार इंचांत बसले की शिकवणारे उस्ताद काही न बोलता पुढच्या जवानाकडे सरकायचे, आणि ते न बोलणं हीच शाबासकी. चार इंच म्हणजे जवळपास चार मिनिटं. त्याच रायफलने आम्ही ३०० यार्डांवरचं माणसाएवढं टार्गेट पाडायचो, कारण काम तेवढंच होतं. चांगल्या नळीची, स्पर्धेसाठी बांधलेली सेमी-ऑटोमॅटिक आणि मॅच दर्जाची गोळी असेल तर दहा गोळ्यांना एक ते दीड मिनिट हा उत्तम आकडा. अर्ध्या मिनिटाच्या गोष्टी ऐकल्या की मी आधी विचारतो, गोळ्या किती होत्या?

पॉइंट टू-टूमध्ये १९६४ पासून बनत असलेली रुगर १०/२२ ही सगळ्यांच्या ओळखीची. तशी रायफल, ठोक डब्यातली साधी गोळी आणि ५० मीटर: दहा गोळ्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये आल्या तर तक्रार करू नका. चांगली स्टँडर्ड वेगाची गोळी दिली की अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत उतरते. ऑलिम्पिकच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ज्या प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तो हा, आणि तिथली रायफल एकेक गोळी हाताने भरायची, बोल्टची (नळी मागून बंद करणारा दांडा हाताने मागे-पुढे करायची) असते. तिचा आकडा डोक्यात ठेवून सेमी-ऑटोमॅटिकवर रागावणं म्हणजे होडी वल्ह्याशिवाय का जात नाही म्हणून लाँचकडे बोट दाखवण्यासारखं.

मुळात ही रायफल थोडी सैल असते ती मुद्दाम. चिखलात, धुरात, घाणीत तिने पुढची गोळी स्वतः उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, घालायची आहे. त्यासाठी चेंबरला जागा हवी, बोल्टला खेळ हवा. एसएलआरमध्ये तर फोरसाइट (नेमाची पुढची खूण) नळीच्या, म्हणजे वरच्या बॉडीच्या बाजूला आणि बॅकसाइट (मागची खूण) खालच्या बॉडीवर. दोन्ही बॉडी बिजागरीने जोडलेल्या. तिथला खिटीचा सांधा झिजला की नेमच हलतो, आणि जवान बिचारा श्वास रोखून घाम गाळत बसतो. वर बारूदाचा गॅस, त्याने ढकलला जाणारा पिस्टन, हाताखालचा हँडगार्ड असा सगळा संसार नळीला बिलगलेला. बोल्ट रायफलच्या नळीला एवढे नातेवाईक नसतात.

दुसरी चूक दोष द्यायची. "बोल्ट मागे जातो, धक्का बसतो, म्हणून गोळी उडते," असं अर्धे लोक सांगतात. एसएलआरसारख्या गॅसवर चालणाऱ्या रायफलीत गोळी नळीतून गेल्यावरच बोल्टचं कुलूप उघडतं. तुम्हाला जो दणका जाणवतो त्याचा बहुतेक भाग गोळी गेल्यानंतरचा. गोळी उडवतं ते त्या दणक्याचं भय. खांदा आधीच पुढे येतो, डोळा मिटतो, बोट हिसका देतं. यावर उस्तादांचा जुना उपाय आहे: मॅगझीन दुसऱ्याने भरायचं आणि मध्येच कुठेतरी एक डमी राऊंड (बारूद नसलेली खोटी गोळी) घालायचा. डमीवर "टक" आवाज आला आणि नळीचं तोंड खाली डुचकलं, की रायफल निर्दोष सुटली. त्या पोरावर हा प्रयोग केला तेव्हा नळीने असा मुजरा घातला की तो स्वतःच हसला.

याच्याच पोटातली तिसरी चूक म्हणजे घाई. बोल्ट रायफल तुम्हाला थांबवते, ही थांबवत नाही. पुढची गोळी तयार आहे म्हणून बोट तयार असतंच असं नाही. गाल बटावरून न उचलता पुन्हा नेम धरता येतो, हा खरं तर हिचा फायदा. पण गोळी सुटल्यावर ट्रिगर क्षणभर मागेच दाबून धरायचा, नेम जागेवर परत आलेला बघायचा, मग सोडायचा, आणि मग पुढचा श्वास. दोन गोळ्यांत दहा-पंधरा सेकंद गेले तर कोणी रागावत नाही.

आता एक लक्षण, जे ओळखलं नाही तर माणूस स्कोप (नेमाची दुर्बीण) फिरवत बसतो. दहापैकी नऊ एका जागी आणि एक भोक बाजूला. बघा, ती पहिली गोळी आहे का? पहिली गोळी तुम्ही हाताने बोल्ट सोडून भरता, पुढच्या रायफल स्वतःच्या जोराने भरते. त्यामुळे पहिली चेंबरमध्ये थोडी वेगळी बसते. पुष्कळ जण बोल्ट हाताने धरून हळूच पुढे नेतात, जणू पाळण्यात बाळ झोपलंय. तसं करू नका. मागे खेचा आणि सोडून द्या, स्प्रिंगचं काम स्प्रिंगला करू द्या. पाच मॅगझीनच्या पहिल्या गोळ्या वेगळ्या कागदावर मारून बघा. त्या पाचही एकाच बाजूला पडत असतील तर तो तुमच्या रायफलचा स्वभाव समजा आणि वहीत लिहून ठेवा.

टेकू. वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली, नळीखाली कधीच नाही. मॅगझीन टेबलाला टेकवायचं नाही. टेकलं की गोळ्या सरकतात आणि माणूस गोळीच्या डब्याला शिव्या देतो.

गोळीच्या बाबतीत एवढंच: प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि ती किमतीवर चालत नाही. चार प्रकारच्या गोळ्या घ्या, प्रत्येकीच्या दहा मारा. गोळी बदलली की पहिल्या दहा जमेत धरू नका, नळीला गोळीवरच्या नव्या ग्रीसची सवय व्हायला तेवढ्या लागतात. फार मंद गोळी बोल्ट नीट मागे ढकलू शकत नाही आणि रायफल अडकते. फार वेगवान गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या पुढे निघते आणि वाटेत त्या वेगाच्या खाली येताना डळमळते. मधला मार्ग स्टँडर्ड वेगाचा.

आणि आपलं कोकण. इथे काही दुखणी अशी आहेत जी वरच्या घाटावरच्या नेमबाजाला सांगूनही कळायची नाहीत. सकाळी मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून उठलेले नसतात, तो तासा-दोन तासांचा वेळ रायफल तपासायचा. अकरानंतर समुद्रावरून वारा चढला की ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूची गोळी ५० मीटरवर अडीच सेंटिमीटर सरकवतो. म्हणजे तुमचा अख्खा चांगला ग्रुप वाऱ्यातच गेला. एप्रिल-मेमध्ये कातळसड्यावरची रेंज असेल तर दुपारी जांभा तापून टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. त्या वेळी मारलेल्या गोळ्यांवरून स्कोप फिरवू नका.

पावसाळा तर वेगळंच प्रकरण. लाकडी बट जुलैत फुगते, ऑक्टोबरात आक्रसते, आणि जूनमध्ये आवळलेला स्क्रू दिवाळीला सैल निघतो. ग्रुप अचानक दुप्पट झाला की आधी बटाचे स्क्रू, मग स्कोपच्या माउंटचे स्क्रू, आणि त्यानंतरच स्वतःचं नशीब तपासा. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका. फोम दमट हवा धरून ठेवतो आणि नळीवर गंज येतो. तेल लावून ठेवलेली नळी थेट टार्गेटकडे न्यायची नाही. रायफल रिकामी आहे हे बघून पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) कोरडी चिंदी दोनदा फिरवा. ओल्या नळीच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या स्वतःच्या मर्जीने जातात. गंमत म्हणजे उलट चूकही तेवढीच होते. दर वीस गोळ्यांनी नळी घासणारे महाभाग आहेत. पॉइंट टू-टूच्या नळीला एवढी आंघोळ लागत नाही. घासायचा तो बोल्टचा चेहरा आणि चेंबर, कारण तिथे काजळी साठली की बोल्ट पूर्ण बंद होत नाही, आणि पूर्ण बंद न होणारा बोल्ट प्रत्येक वेळी वेगळा बंद होतो.

एक मुद्दा कायद्याचा, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतं. आपल्याकडे बागेत वानर-डुकरांसाठी शेती संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असलेली घरं आहेत, म्हणून लोकांना वाटतं तशाच परवान्यावर ही रायफलही घेता येईल. नाही येत. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं निर्बंधाच्या गटात आहेत आणि ७.६२ हे बोअरही सामान्य माणसासाठी नाही. आम्ही जे करतो ते क्लबच्या शस्त्रावर, रेंज ऑफिसर समोर असताना, आणि नळीचं तोंड कायम टार्गेटकडे.

त्या पोराला मी एक दोनशे पानी वही दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावलं. मॅगझीन मी भरलं, डमी न घालता. पण ते त्याला सांगितलं नाही. दहा गोळ्या मारायला त्याने चार मिनिटं घेतली. कागद आणला, पट्टी लावली, तोंड जरासं पडलं, पण मोबाइल काही काढला नाही. वहीत लिहिलं: "१० राऊंड, ३६ मि.मी., वारा नाही." गोळीचा लॉट नंबर लिहायचा विसरला होता, तेवढा मी मागाहून पेन्सिलीने भरला.