डायलिसिसवर असताना पायांच्या नसा कशा तपासाव्यात

किडनी निकामी झाली की रक्तात साचणारी द्रव्यं नसांना इजा करतात. पायांच्या नसा सर्वांत लांब, म्हणून मुंग्या, जळजळ, बधिरपणा बोटांपासून सुरू होतो.

महिन्यातून एकदा डोळे मिटून बसा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवावी. दाबायचं नाही, दाब बधिर बोटालाही कळतो आणि चाचणी फुकट जाते. सहापैकी दोन स्पर्श तुम्हाला कळले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा.

तळवे मात्र रोज पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. चप्पल झटकूनच घाला. गरम पाण्याने शेकू नका, कितीही बरं वाटलं तरी.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून गॅबापेंटिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरचं औषध, घेणं सर्वांत महागात पडतं. ते किडनीवाटेच बाहेर पडतं. साचलं की गुंगी येते, हातपाय झटके देतात. डायलिसिसच्या रुग्णाला डॉक्टर सहसा १०० मिलिग्रॅमपासून, तेही डायलिसिसनंतर सुरू करतात.

चार तासांच्या डायलिसिसमधून अर्धा तास आधी उठू नका. पायांतली ताकद अचानक गेली तर पोटॅशियम वाढलेलं असू शकतं: लगेच रुग्णालय गाठा.