कर्नलचा पॅच कोणत्या ब्रांचवर बेतावा?

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, सुचवताना नवखे योगदानकर्ते पुष्कळदा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची मेनलाइन ट्री, म्हणजे कर्नलच्या कोडची मुख्य प्रत, क्लोन करतात आणि तिच्या टोकावरच काम सुरू करतात. एखाद्या ओळीच्या दुरुस्तीत हे खपून जाते. पण तुमची फाइल संबंधित मेंटेनरच्या (त्या विभागाची देखरेख करणाऱ्याच्या) ट्रीत आधीच बदललेली असेल, तर पॅच लागत नाही आणि तो मुकाट्याने परत येतो.

म्हणून आधी बदल कोणाकडे जाणार ते पाहावे. सोर्सच्या मुळाशी ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल असते. तीत तुमच्या विभागाच्या नोंदीत ‘टी’ अक्षराने सुरू होणारी ओळ असल्यास ती त्या विभागाच्या ट्रीचा पत्ता देते. एका ट्रीत अनेक ब्रांच, म्हणजे कामाच्या समांतर शाखा, असतात, तेव्हा तुमच्या फाइलचा गिट लॉग (बदलांची नोंद) त्या ब्रांचवर पाहून अलीकडचे बदल कुठे जमा होत आहेत हे तपासावे. या पाच मिनिटांना पर्याय नाही.

मग बदलाचा प्रकार ठरवावा. नेटवर्किंगमध्ये चालू आवृत्तीतील दोषांच्या दुरुस्त्या ‘नेट’ ट्रीवर आणि नवी वैशिष्ट्ये ‘नेट-नेक्स्ट’वर बेततात, आणि विषयाच्या ओळीतील चौकटी कंसात त्या ट्रीचे नावही लिहितात. इतर विभागांतही अशी विभागणी आढळते, मात्र नावे वेगळी असतात.

वेळेचे भानही हवे. प्रत्येक आवृत्ती निघाल्यावर सुमारे दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल मेनलाइनमध्ये घेण्याचा काळ) चालते, तिच्या शेवटी आरसी१ (पहिली चाचणी आवृत्ती) येते आणि पुढे साधारण दर रविवारी एक आरसी निघते. मर्ज विंडोत मेनलाइन रोज हजारो ओळींनी हलते, त्यामुळे मधलाच एखादा कमिट (गिटमध्ये नोंदलेला बदल) पाया म्हणून धरणे म्हणजे दुसऱ्यांचे अर्धवट तपासलेले दोष आपल्या अंगावर घेणे होय. याच काळात नेट-नेक्स्ट नव्या पॅचसाठी बंद असते. विभागाची स्वतंत्र ट्री नसेल, तर मेनलाइनचा ताजा आरसी टॅग (त्या आवृत्तीवर लावलेली नावाची खूण) घ्यावा. अर्थात टॅगही डोळे मिटून घेऊ नये: २०२१ साली ५.१२-आरसी१ मध्ये स्वॅप फाइलचा (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या फाइलचा) मजकूर डिस्कवर चुकीच्या जागी लिहिला जाऊन फाइल सिस्टिम उद्ध्वस्त होण्याचा धोका निघाला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्या टॅगच्या नावालाच ‘डोन्टयूज’ जोडले आणि त्यावर ब्रांच बेतू नका असे सांगितले.

‘लिनक्स-नेक्स्ट’ मात्र पाया म्हणून टाळावी. ती अनेक ट्री एकत्र करून वारंवार नव्याने बांधली जाते, त्यामुळे आज दिसणारा मर्ज कमिट उद्याच्या इतिहासात नसतो. आपला पॅच इतरांच्या कामाशी टकरतो का, हे पाहण्यासाठी ती उत्तम. स्टेबल ब्रांचवरही (निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांच्या ब्रांचवरही) बेतू नये, कारण दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये जावी लागते. जुन्या आवृत्त्यांत ती हवी असेल तर ‘फिक्सेस’ ओळीत मूळ दोषी कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) किमान १२ अक्षरे व त्याचे शीर्षक द्यावे आणि ‘सीसी’ ओळीत स्टेबलचा पत्ता जोडावा.

पाठवण्याआधी निवडलेली ब्रांच पुन्हा फेच करून (ताजी प्रत आणून) पॅच रिबेस करावा (तिच्यावर नव्याने बसवावा), कर्नल बांधून पाहावा आणि गिटच्या ‘फॉरमॅट-पॅच’ या आज्ञेला ‘बेस’ हा पर्याय द्यावा. त्याला ‘ऑटो’ हे मूल्य दिल्यास तुमची स्थानिक ब्रांच योग्य रिमोट ब्रांचचा माग ठेवत असली पाहिजे, नाहीतर गिटला पाया शोधता येत नाही. पॅचच्या तळाशी ‘बेस-कमिट’ ओळ उमटते. तो हॅश सार्वजनिक ट्रीत आहे का, तेवढे पाहून पॅच पाठवावा.