नोकरी सोडून पायलट व्हायचंय? फ्लाइंग स्कूल निवडताना या चुका टाळा

मी पायलट व्हायला लागणाऱ्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) पेपरांचे क्लास घेतो, मुख्यतः नेव्हिगेशन आणि मेट, म्हणजे हवामानशास्त्र. वर्गात बारावी झालेली मुलं असतात तशी तिशीतली माणसंही असतात. कुणी आयटीतून आलेलं असतं, कुणी बँकेतून, कुणी घरचा धंदा भावाकडे सोपवून. अभ्यासात ही मोठी माणसं पोरांना सहज मागे टाकतात. घोळ होतो तो शाळा निवडताना, आणि तो टाळता येण्यासारखा असतो म्हणून फार वाईट वाटतं.

राजीनामा आधी, मेडिकल नंतर

हे बघून मी खरोखर थकलोय. क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली वैद्यकीय तपासणी, खासगी डॉक्टरकडे झालं, सगळं ठीक निघालं, की लगेच नोटीस पीरियड सुरू. अहो, एअरलाइनसाठी लागतं ते क्लास वन. त्यात रक्त, ईसीजी, ऑडिओमेट्री, रंगदृष्टी सगळं तपासतात, पोटाची सोनोग्राफीसुद्धा करतात. दहा वर्षं खुर्चीत बसून काढलेल्या माणसाचं वजन, रक्तदाब, साखर काय म्हणेल हे आधी कळायला नको? मूतखडा निघाला तरी ‘टेम्पररी अनफिट’चा शेरा बसतो आणि उपचार, पुन्हा तपासणी यात महिने जातात. ते महिने पगार चालू असताना गेले तर फारसं बिघडत नाही. पगार बंद असताना मात्र घर हलतं. चष्म्याला घाबरू नका, तो चालतो.

माझा क्रम ठरलेला आहे आणि मी तो बदलत नाही: क्लास टू, क्लास वन, मग नोकरी करता करता पेपर, आणि शेवटी राजीनामा. पेपर म्हणजे नेव्हिगेशन, मेट, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के हवेत. संध्याकाळी दोन तास बसायची तयारी असेल तर नोकरी सांभाळून हे होतं. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने कॉकपिटचा विचार पुन्हा करावा, कारण त्या कामात घाईला जागाच नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं; नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) ते दोन विषय देता येतात. ही अट जाईल या चर्चेवर विसंबून राहू नका.

एकरकमी फी

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. हिंजवडीत चांगल्या पगारावर होता, वय एकतीस. पेपर पहिल्या फटक्यात काढले. शाळा निवडायला गेला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, सगळी फी या आठवड्यात भरलीत तर दोन लाख सूट, आणि कोर्स बारा महिन्यांत पूर्ण. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बँक तारण मागते, म्हणून वडिलांचा चिंचवडचा फ्लॅट गहाण पडला. पैसे भरले.

गेला तेव्हा ब्रोशरमधल्या सहा विमानांपैकी दोन उडत होती. एकाचा प्रोपेलर काढून ठेवलेला, एक इंजिन ओव्हरहॉलसाठी थांबलेलं, बाकी दोघांच्या टायरखाली धूळ साचलेली. त्यात चीफ इन्स्ट्रक्टर सोडून गेले आणि नवे येईपर्यंत सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायला कुणी नाही. पहिल्या वर्षाचं त्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, मी पाहिलंय. फेब्रुवारीत सात नोंदी, मार्चमध्ये दोन, एप्रिल कोरा, मेमध्ये धावपट्टीभोवती फेऱ्या मारायचं एक उड्डाण, आणि मग पावसाळा. बाहेर पडायचं म्हटलं तर करारात परताव्याचं कलमच नव्हतं. शेवटी दुसरीकडे नवीन पैसे भरून कोर्स पूर्ण केला. आधीचे तास मोजले गेले, पण एवढ्या खंडाने हात बसलेला राहत नाही, त्यामुळे तिथे सुरुवातीचे बरेच तास पुन्हा इन्स्ट्रक्टर शेजारी बसवूनच उडावे लागले. व्याज या सगळ्या काळात चालूच होतं.

हे पैसे भरायच्या आधी साध्या गणिताने कळलं असतं. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. शाळेत ४० विद्यार्थी असतील आणि सरासरी प्रत्येकाचे निम्मे तास बाकी असतील तर ४,००० तास उडायचे आहेत. खरोखर उडणारी विमानं तीन, आणि प्रत्येक विमान महिन्याला ६० तास उडालं असं धरा. १८० तासांनी ४,००० ला भागा. बावीस महिने झाले, आणि यात पावसाळा, इन्स्पेक्शन, आयात पार्टची वाट धरलेली नाही. तुमच्यानंतर भरती होणारी बॅचही नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, शाळेच्या ऑफिसात जायच्या आधी सकाळी सहा-साडेसहाला धावपट्टीजवळ जा. किती विमानं बाहेर काढली, किती हँगरमध्येच राहिली ते बघा आणि त्यांचे व्हीटीने सुरू होणारे नोंदणी नंबर लिहून घ्या. आठवड्याने परत जा. तीच विमानं तिथेच उभी दिसली तर समजा ती उडत नाहीत. मग जवळच्या चहाच्या टपरीवर बसा. १२०-१५० तास झालेला विद्यार्थी शोधा आणि एकच प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात किती तास उडालास? शाळा चांगली आहे का, असं विचारू नका. त्यावर कुणीही ‘ठीक आहे’ म्हणतं. लॉगबुक दाखवलं तर तारखा बघा.

पैसे हप्त्यानेच द्या. मी सुचवतो ते असं: उडालेल्या तासांमागे हप्ता, परताव्याचं कलम लेखी, आणि विमान न मिळाल्यास काय हेही लेखी. जी शाळा याला नाही म्हणते तिला तुम्ही नाही म्हणा. कोटेशनमध्ये ‘प्लस जीएसटी’ असेल तर कारण विचारा, कारण डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्य कोर्सना जीएसटी माफ आहे हे सप्टेंबर २०२४ च्या कौन्सिल बैठकीत स्पष्ट झालंय.

हवामान न बघणं

व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे बाहेर बघून विमान चालवायला, साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. बारामती पर्जन्यछायेत आहे म्हणून पावसाळ्यात तिथे तुलनेने बरे दिवस मिळतात. गोंदियाला जून ते सप्टेंबर पाऊस जोरात असतो. उत्तरेत फुरसतगंजसारख्या ठिकाणी पावसातून सुटलात तर डिसेंबर-जानेवारीत धुकं गाठतं. वाईट काहीच नाही, पण कधी भरती होताय त्यावर पहिले चार महिने ठरतात. जूनमध्ये भरती होऊन लगेच उडायची अपेक्षा धरणारे मला दरवर्षी भेटतात. ऑक्टोबरला जा ना.

सुरक्षेची चौकशी न करणं

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीला एका आठवड्यात दोन प्रशिक्षण विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी चूक कुणाचीही असो, विद्यार्थी जमिनीवर येतो. आता डीजीसीए वर्षातून दोनदा फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करते, ए प्लस प्लस ते सी. १ ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. यादी बघाच, पण टपरीवरचा प्रश्न त्यानंतरही विचारा.

बाकीच्या चुका

‘जॉब गॅरंटी’ लिहिलेल्या शाळेत पाऊल टाकू नका. नोकरी एअरलाइन देते, शाळा नाही.

तास ‘अ‍ॅडजस्ट’ करून देतो म्हणणाऱ्याकडून त्याच क्षणी उठा. २०११ मध्ये बनावट कागदांवर लायसन्स घेतलेल्या वैमानिकांना अटक झाली होती. शिवाय न उडालेला तास पहिल्या क्रॉसविंड लँडिंगला (आडव्या वाऱ्यात उतरताना) उघडा पडतो, आणि तेव्हा मागे माणसं बसलेली असतात. या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅमला, म्हणजे एअरलाइनच्याच प्रशिक्षण योजनेला, वयाची अट असते. ती आधी वाचा, मग स्वप्नं रंगवा.

अमेरिकेत तास लवकर होतात हे खरं, पण परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायचं असतं आणि त्यासाठी डीजीसीएचे पेपर द्यावे लागतात. ते इथून काढूनच जा. डॉलरचा भाव कोर्स संपेपर्यंत आजचाच राहील असं धरू नका.

आणि सगळे पैसे सीपीएलवर संपवू नका. ए३२० किंवा ७३७ अशा एका ठरावीक विमानासाठीचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचा खर्च वेगळा, आणि लायसन्स हातात आल्यापासून पहिल्या पगारापर्यंत किती महिने जातील हे कुणी सांगू शकत नाही. घरखर्चाचं एक वर्ष बाजूला काढून ठेवा. ते पैसे नसतील तर आणखी वर्षभर नोकरी करा, आणि त्या वर्षात पेपर काढा.