सर्व्हेचे आकडे वाचताना या चुका टाळा

निवडणुकीची तारीख लागली की जनमत चाचण्यांचा पाऊस सुरू होतो. टीव्हीवर जागांचे रंगीत तक्ते येतात, तेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात, आणि निकालाच्या दिवशी "सर्व्हेवाले पुन्हा तोंडावर आपटले" अशी चर्चा होते. बऱ्याचदा चाचणी ठीक झालेली असते, ती वाचण्यात गडबड होते. काही वेळा चाचणीच फसलेली असते, पण तेही नीट वाचलं तर आधी ओळखता येतं.

सुरुवातच जागांपासून करणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. चाचणी घेणारा माणूस मतदाराला विचारतो, "तुम्ही मत कोणाला देणार?" त्यातून मोजला जातो तो मतांचा टक्का. जागा कोणी मोजत नाही. मतटक्क्यावरून जागांचा अंदाज नंतर ऑफिसात बसून गणिताने काढला जातो, आणि त्या गणितात घातलेली गृहीतकं सहसा प्रेक्षकाला सांगितली जात नाहीत.

हे गणित किती नाजूक आहे ते २०२४ सालानेच दाखवलं. लोकसभेला भाजपची देशातली मतं २०१९ च्या सुमारे ३७.४ टक्क्यांवरून ३६.६ टक्क्यांवर आली, म्हणजे एक टक्काही घसरण नाही. जागा मात्र ३०३ वरून २४० झाल्या. महाराष्ट्रात त्याच निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याहून कमी फरक होता आणि जागा पडल्या महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. सहा महिन्यांत विधानसभा झाली. महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं मिळाली आणि २८८ पैकी २३० जागा. म्हणजे निम्म्याहून कमी मतांत ऐंशी टक्के विधानसभा.

असं होतं कारण ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो, मग फरक एका मताचा का असेना. मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. अशा मतदारसंघात कोण जिंकेल हे जगातली कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. साताऱ्यात तर तुतारी नावाचं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाने ३७ हजारांहून जास्त मतं घेतली, आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर लढणारा मुख्य उमेदवार ३३ हजारांपेक्षा कमी फरकाने हरला. ही गल्लत मतदान यंत्रापुढे होते. घरी विचारलेल्या प्रश्नात ती दिसणं शक्यच नाही.

आणखी एक मुद्दा नेहमी सुटतो. पक्षाचा राज्यातला मतटक्का वाचताना तो पक्ष किती जागा लढवतोय ते आधी पाहा. २०२४ ला महाराष्ट्रात भाजपने लोकसभेच्या २८ जागा लढवून सुमारे २६ टक्के मतं आणि ९ जागा घेतल्या. काँग्रेसने १७ लढवून सुमारे १७ टक्के मतं आणि १३ जागा. नुसते टक्के पाहिले तर भाजप कितीतरी पुढे वाटतो. आघाड्यांच्या राजकारणात एकेका पक्षाचा टक्का फारसं काही सांगत नाही, म्हणून आघाडीची बेरीज धरा.

ती बेरीजही विभागवार वाचा. राज्यभर सगळीकडे सारखंच वारं वाहतं असं धरून जागा काढणाऱ्यांची २०२४ मध्ये फसगत झाली असती. मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा महाविकास आघाडीला गेल्या, आणि ठाणे-कोकणातल्या ६ पैकी ५ महायुतीला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आघाडीचा मतटक्का, मग मागच्या निवडणुकीच्या तुलनेत त्यात झालेला बदल, मग विभागवार फरक, आणि सगळ्यात शेवटी जागा. जागा दिल्या असतील तर त्या पट्ट्यात दिल्यात का तेही पाहा. "१३५ ते १६५" असा पट्टा असेल आणि बहुमताचा आकडा १४५ असेल, तर त्या चाचणीने बहुमत सांगितलेलंच नाही. मधला १५० घेऊन "स्पष्ट बहुमत" असा मथळा देणारे चूक करतात.

दोन-तीन टक्क्यांची आघाडी खरी मानणं

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. चाचणीत किती लोकांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि ९८ ला त्याने भागा. येईल तेवढे टक्के इकडे-तिकडे, ही चूक गृहीत धरायची. १,६०० जणांची चाचणी असेल तर वर्गमूळ ४०, आणि ९८ भागिले ४० म्हणजे सुमारे अडीच टक्के. ४०० जण असतील तर जवळजवळ पाच टक्के. १०० पैकी ९५ वेळा खरा आकडा या पट्ट्यात बसतो. उरलेल्या पाच वेळा तो बाहेर जातो, आणि यात चाचणी घेणाऱ्याचा काही दोष नसतो.

आता समजा १,६०० जणांच्या चाचणीत एका बाजूला ४४ आणि दुसऱ्या बाजूला ४१ टक्के आहेत. आघाडी तीन टक्क्यांची. पण अडीच टक्क्यांची चूक दोन्ही आकड्यांना लागू आहे, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकाची चूक जवळपास साडेचार टक्के होते. म्हणजे खरी आघाडी साडेसात टक्क्यांची असू शकते किंवा दुसरीच बाजू दीड टक्क्याने पुढे असू शकते. अशा चाचणीवर "चुरस आहे" एवढंच म्हणता येतं. महिन्याभराने त्याच संस्थेने ४४ चे ४६ दाखवले तरी "लाट आली" म्हणू नका. दोन स्वतंत्र चाचण्यांमधल्या बदलाची चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, दोन टक्के त्यात सहज सामावतात.

पोटगटांचे आकडे तर याहून कच्चे. मुंबईत विधानसभेच्या ३६ जागा, म्हणजे राज्याचा आठवा हिस्सा. १,६०० च्या नमुन्यात, म्हणजे ज्यांना विचारलं त्या लोकांत, मुंबईचे साधारण २०० जण येतील, आणि २०० जणांची चूक सात टक्के. "मुंबईत अमुक पक्ष चार टक्क्यांनी मागे" या वाक्याला मग काही आधार राहत नाही. तरुण, शेतकरी, अमुक समाज अशा प्रत्येक तक्त्याला हेच लागू. राज्यात २०,००० लोकांना विचारलं म्हणून प्रत्येक मतदारसंघाचा निकाल सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. २८८ ने भागलं की वाट्याला येतात ६९ जण आणि चूक होते बारा टक्के.

आणखी एक खाच आहे, आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते. हे सूत्र धरतं की प्रत्येक माणूस सुटा सुटा, लॉटरीसारखा निवडला. प्रत्यक्षात गाडीभाडं वाचवायला एका बूथवर जाऊन तिथल्या वीस जणांना विचारलं जातं. एका वस्तीतले, एका आळीतले लोक बऱ्याचदा सारखा विचार करतात, म्हणून त्या वीस उत्तरांचं मोल वीस सुट्या उत्तरांएवढं नसतं. असे ८० बूथ घेऊन १,६०० झाले असतील तर त्याची किंमत सुमारे ८०० सुट्या माणसांइतकी भरू शकते, आणि चूक अडीचवरून साडेतीनवर जाते. म्हणून किती माणसांपाशी गेले याबरोबर किती ठिकाणी गेले हेही शोधा. ठिकाणं जास्त आणि दर ठिकाणी माणसं कमी, ही चांगली चाचणी.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना असं समजणं

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली आणि वीस लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली. अंदाज आला, रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते मोटारमालकांच्या याद्यांतून आणि टेलिफोन डिरेक्टरीतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात मोटार-टेलिफोनवाले कोण हे सांगायला नको. शिवाय ज्यांना रूझवेल्ट यांचा राग होता त्यांनीच उत्तर पाठवण्याची तसदी जास्त घेतली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या तुलनेत अगदी छोटा नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. वरचं शीत मऊ आणि तळ करपलेला असेल तर वरून कितीही शितं काढा, उपयोग नाही. यूट्यूबवरचे पोल, बातमीखाली बटण दाबून घेतलेली मतं, ग्रुपवर फिरणारे फॉर्म हे सगळे याच जातीचे. लाखभर मतं पडली तरी ते सोडून द्या.

घरोघरी जाऊन केलेल्या चाचणीतही तळ सुटतो. दुपारी चौकात किंवा चहाच्या टपरीवर भेटतात ते पुरुष. बायका शेतात किंवा घरात, आणि घरात गेलं तरी उत्तर नवरा किंवा सासरा देतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर असतात. त्या दिवसांत बीडमध्ये केलेला सर्व्हे मागे राहिलेल्यांचाच असतो. फोनवरच्या चाचणीत अनोळखी नंबर उचलणारे आणि तितका वेळ असणारे लोक जास्त येतात.

हे असंतुलन दुरुस्त करायला भारांक लावतात. महाराष्ट्राच्या मतदारयादीत स्त्रिया सुमारे ४८ टक्के आहेत. नमुन्यात त्या ३५ टक्केच आल्या तर प्रत्येक स्त्रीचं उत्तर १.३७ धरायचं आणि प्रत्येक पुरुषाचं ०.८. समजा युतीला पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ५० टक्के आहेत. भारांकाशिवाय बेरीज येते ४४.८, भारांक लावून ४५.८. चुरशीच्या लढतीत हा एक टक्का फार मोठा. पण भारांकाने चमत्कार होत नाही. एखाद्या समाजाची फक्त दहा माणसं नमुन्यात असतील आणि प्रत्येकाला चार पट वजन दिलं असेल, तर त्या दहा जणांनी सगळा तक्ता हलतो. त्यात जातनिहाय लोकसंख्येचे ताजे, खात्रीचे आकडे नसतात, तिथे प्रत्येक संस्था आपापला अंदाज वापरते. एकाच आठवड्यातल्या दोन चाचण्या दहा टक्क्यांनी वेगळ्या येतात त्याचं एक कारण हे.

प्रश्न न वाचता उत्तर वाचणं

"कोण जिंकेल असं वाटतं?" आणि "तुम्ही मत कोणाला देणार?" हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर हवेवर मिळतं, गाजावाजा करणारा त्यात नेहमी पुढे असतो. मतदानाच्या प्रश्नाआधी एखाद्या योजनेचे पैसे मिळाले का असं विचारलं तर उत्तर सत्तेकडे झुकतं, आधी महागाईबद्दल विचारलं तर उलटं.

महाराष्ट्रात याहून साधी अडचण आहे. "राष्ट्रवादीला" हे उत्तर आता अपुरं आहे, "शिवसेनेला" हेही. घड्याळ की तुतारीवाला, धनुष्यबाण की मशाल, हे चिन्ह दाखवून विचारलं नसेल तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवा. गावात चार लोकांसमोर विचारलेल्या प्रश्नाला माणूस सावध उत्तर देतो. लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था मतदाराच्या हातात खोटी मतपत्रिका देतात आणि ती घडी करून पेटीत टाकायला सांगतात, ते त्यासाठीच. कोणती पद्धत वापरली हे सांगणाऱ्या संस्थेवर जास्त भरवसा ठेवणं योग्य.

न ठरवलेल्यांचं काय केलं तेही पाहा. युती ४४, आघाडी ४१, इतर ८, न ठरवलेले ७ अशी चाचणी बऱ्याचदा ४७, ४४ आणि ९ अशी छापली जाते. सात टक्के लोक प्रमाणात वाटून टाकले, आणि वाचणाऱ्याला ते होते हेच कळत नाही. दोन्ही बाजूंमधल्या तीन टक्क्यांच्या फरकापेक्षा ती दुपटीहून मोठी संख्या होती. शिवाय विचारलं की जवळजवळ प्रत्येकजण "मतदान करणार" म्हणतो. विधानसभेला २०२४ मध्ये सुमारे ६६ टक्के मतदान झालं, २०१९ मध्ये ६१. म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा घरीच बसणार असतो, आणि तो कोणत्या बाजूचा हे निर्णायक ठरतं.

तारीख पाहायला एक मिनिटही लागत नाही, तरी ती सुटते. प्रसिद्ध कधी झाली ते नको, लोकांना विचारलं कधी ते पाहा. २०२४ च्या विधानसभेत अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबर होती. त्याआधीच्या चाचणीत बंडखोर कोण उभा राहणार हेच ठरलेलं नव्हतं.

सरासरी काढून निर्धास्त होणं

पाच चाचण्यांची सरासरी एका चाचणीपेक्षा चांगली हे खरं, पण सगळ्यांची चूक वेगवेगळ्या दिशेला असेल तरच. १ जून २०२४ च्या संध्याकाळी आलेल्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० ते ४०० च्या घरात जागा दिल्या, मिळाल्या २९३. सगळेच एका बाजूला चुकले होते, सरासरीने काय सुधारणार? नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेला उलट झालं. महायुती जिंकणार ही दिशा बहुतेकांनी बरोबर सांगितली, पण जवळपास सगळ्यांचे आकडे २३० च्या बरेच खाली राहिले. सगळे आकडे संशय यावा इतके जवळजवळ असतील तर सावध व्हा. इतरांपासून वेगळं पडायला कोणाला आवडत नाही, आणि आकडे घरच्या घरी थोडे सरकवता येतात.

एक्झिट पोल आणि ओपिनियन पोल एकाच मापाने मोजू नका. पहिल्यात मत देऊन आलेला माणूस असतो, दुसऱ्यात अजून बदलू शकणारा. कायदाही वेगळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ प्रमाणे पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे टप्प्यांच्या मध्येच ग्रुपवर "पहिल्या टप्प्याचा एक्झिट पोल" आला तर तो बनावट किंवा बेकायदा, दोन्हीपैकी एक नक्की. पुढे पाठवू नका.

संस्था पारखायची असेल तर एका वहीत पाच रकाने आखा: संस्थेचं नाव, विचारल्याच्या तारखा, किती माणसं आणि किती ठिकाणं, दोन्ही आघाड्यांचा मतटक्का, आणि सर्व्हेचा खर्च कोणी केला. यातलं जे जाहीर केलेलं नाही तिथे फुली मारा. निकालानंतर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून पक्षांचा मतटक्का घेऊन शेजारी लिहा आणि फरक काढा. जागा जुळल्या की नाही ते त्या वहीत लिहू नका. दोन-तीन निवडणुकांत कोणती संस्था तीन टक्क्यांच्या आत राहते आणि कोणती नेहमी एकाच बाजूला झुकते ते दिसेल. पुढच्या वेळी तिचा आकडा वाचताना तेवढा झुकाव वजा करा.