खाऊ भरायचं खेळणं: आदल्या रात्रीपासूनची तयारी

खेळण्यात जे जाईल, ते वाटीतून कमी झालं पाहिजे. पोकळ रबरी खेळण्यात खाऊ भरून देतात तो कुत्र्याला जास्त खायला घालण्यासाठी नाही, तर रोजचंच जेवण त्याला चाटून, चघळून, ढकलून मिळवायला लावण्यासाठी. म्हणून तयारी सुरू होते ती वजनकाट्यापासून. दिवसाचं कोरडं खाद्य सकाळीच तोलून एका डब्यात काढून ठेवा आणि वाटीतलं जेवण, खेळण्यातलं भरण, प्रशिक्षणाचे दाणे असं सगळं दिवसभर त्याच डब्यातून जाऊ द्या. १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. त्यातला वरचा खाऊ १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा पशुवैद्यकांचा नेहमीचा सल्ला असतो. म्हणजे साधारण ६० किलोकॅलरी. एक मोठा चमचा पीनट बटरच ९० च्या पुढे जातं. पीनट बटरने गच्च भरलेलं खेळणं रोज मिळणारी कुत्री का सुटतात, ते या आकड्यावरून कळतं.

आता खेळणं हातात घ्या. ते तोंडात पूर्ण मावता कामा नये. सुळ्यांच्या मागे सरकून दाढांपर्यंत अख्खं जात असेल तर ते लहान आहे आणि घशात अडकू शकतं. दोन मापांमध्ये घोटाळा होत असेल तर मोठं घ्यावं. त्याला दोन छिद्रं हवीत, भरायचं मोठं आणि दुसऱ्या टोकाला लहान. लहान छिद्र शोभेचं नसतं. एकाच छिद्राच्या पोकळ वस्तूत कुत्रा जीभ घालून चाटत राहिला की आतली हवा कमी होते, जीभ ओढली जाते, सुजते आणि मग बाहेर येत नाही. घरातली एखादी पोकळ वस्तू खेळणं म्हणून द्यायचा मोह होतो, तेव्हा हे आठवावं. कडकपणा नखाने तपासा: नख दाबल्यावर पृष्ठभाग थोडा तरी दबला पाहिजे. शिंगं, कडक नायलॉन, हाडं यांवर वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो आणि तो दात बरेचदा काढावा लागतो. पिल्लांसाठी मऊ रबर, जोरात चावणाऱ्यांसाठी जाड आणि घट्ट रबर. काँगसारख्या कंपन्या हा फरक रंगावरून दाखवतात, त्यात काळं सगळ्यांत दणकट.

नवीन खेळण्याची क्षमता एकदा मोजून ठेवा. लहान छिद्र बोटाने बंद करून खेळणं पाण्याने भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. मग कोरड्या दाण्यांनी भरून ते दाणे तोला. हे दोन आकडे झाकणावर किंवा फ्रीजवर लिहून ठेवले की पुढे रोज अंदाजपंचे चालत नाही.

भरण कशाचं करायचं, याचं सगळ्यांत सोपं आणि बहुतेक दिवशी सगळ्यांत चांगलं उत्तर म्हणजे त्याचंच नेहमीचं खाद्य, भिजवलेलं. ५० ग्रॅम दाण्यांना ५० मिलिलिटर कोमट पाणी घालून २० ते ३० मिनिटं झाकून ठेवा. दाणे फुगून बोटाने चेपता आले पाहिजेत. मध्ये कडक गाभा राहिला तर दोन चमचे पाणी आणखी घाला. काट्याने मोडून घ्या, पण पेस्ट करू नका. पूर्ण गुळगुळीत लगदा गोठला की एकसंध ढेकूळ होतो आणि त्यात जीभ शिरायला फट उरत नाही. थोडे अख्खे, थोडे मोडलेले दाणे असले की मधे मधे जागा सुटते आणि कुत्र्याला लहान लहान यश मिळत राहतं.

चवीसाठी थोडंसंच काहीतरी: उकडून कुस्करलेला लाल भोपळा, साधं बिनसाखरेचं दही, बिनमिठाचं उकडलेलं चिकन दोऱ्यासारखं सोडवून, अंड्याची भुर्जी तेल-मिठाशिवाय, गाजराचे तुकडे, बिया आणि मधला भाग काढलेलं सफरचंद. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्या आणि पुढच्याआधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. एकाच खेळण्यात चार नवे पदार्थ गेले आणि जुलाब झाले, तर दोष कशाचा हे कळायला मार्ग उरत नाही. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला चीज, मलई, चरबी बिलकूल नको. ज्याला पशुवैद्याने औषधी आहार दिला आहे, त्याचं खेळणं त्याच आहाराचे दाणे भिजवून भरायचं, चवीची भर विचारल्याशिवाय घालायची नाही.

लेबल वाचणं ही या यादीतली न टाळता येणारी गोष्ट. बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, असू शकतं. लेबलवर ते बर्च शुगर किंवा ई ९६७ या नावानेही येतं. कुत्र्याच्या शरीरात ते गेलं की इन्शुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर कोसळते, अनेकदा तासाभरातच. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्याला पुरतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम. त्याहून जास्त गेलं तर यकृतावर येतं. घटकांमध्ये फक्त शेंगदाणे असलेली बरणी निवडा. तयार सूप आणि स्टॉकच्या वड्या वापरू नका, त्यांत कांदा, लसूण आणि भरपूर मीठ असतं, आणि कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, कच्चं यीस्टचं पीठ, शिजवलेली हाडं: यांतलं काहीही, कितीही थोडं, आत जाणार नाही. मनुका विशेष लक्षात ठेवा, कारण सुकामेव्याच्या मिश्रणातून त्या नकळत येतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

औषधाची गोळीही या खेळण्यात लपवू नये. ती पोटात गेली, आत चिकटून राहिली की सोफ्याखाली पडली, हे सांगता येत नाही.

प्रत्यक्ष भरताना कुत्र्याची पायरी बघा. ज्याने असं खेळणं कधी पाहिलेलं नाही, त्याला पहिल्या दिवशी गोठवलेलं देणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो दोनदा हुंगतो, चाटतो, काही हाती लागत नाही, निघून जातो. आणि घरात ठरतं की आमच्या कुत्र्याला हे आवडत नाही. कुत्रा खेळणं सोडून गेला तर भरण कठीण झालं होतं, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. पहिल्या वेळी नुसते कोरडे दाणे सैल भरा, अर्ध्यापर्यंतच, म्हणजे नाकाने ढकललं तरी चार बाहेर पडतील. कडेला आतून चिमूटभर पीनट बटरचं बोट फिरवा, म्हणजे दाणे संपल्यावरही चाटायला कारण राहील. पाच-दहा मिनिटांत रिकामं झालं तर बरोबर जमलं. हे तीन-चारदा सहज झालं की दाण्यांमध्ये चमचाभर ओलं भरण मिसळा. त्यानंतर पूर्ण ओलं, सैल. मग ओलं आणि दाबलेलं. मग तेच फ्रीजमध्ये गार केलेलं, आणि शेवटी गोठवलेलं. प्रत्येक पायरीवर कुत्रा जिंकला पाहिजे. वर चढताना अडला तर एक पायरी खाली या; त्यात काही बिघडत नाही.

सरावलेल्या कुत्र्यासाठी थर लावायचे. खेळणं लहान छिद्र खाली करून एका मगमध्ये उभं ठेवा, दोन्ही हात मोकळे राहतात. लहान छिद्रावर आतून पीनट बटरचा किंवा घट्ट भिजवलेल्या दाण्यांचा पातळ लेप लावा. फक्त पातळ भरण गळू नये एवढाच, बूच नव्हे. तळाशी सगळ्यांत चविष्ट गोष्ट टाका, म्हणजे चिकनचे दोन-तीन दोरे, कारण तो वास लहान छिद्रातून येत राहतो आणि कुत्रा शेवटपर्यंत टिकतो. त्यावर भिजवलेले दाणे चमच्याच्या दांड्याने हलके दाबत भरा. मध्येच गाजराची एक लांब फोड उभी खोचा, तिचं टोक तोंडातून बाहेर राहू द्या. कुत्रा ती ओढतो तेव्हा भरणात वाट तयार होते. तोंडाशी मात्र सोपं आणि पटकन मिळणारं काही हवं: चार कोरडे दाणे, दह्याचा ठिपका. कठीण थर वर आणि सोपा आत, असं उलटं भरलं की चांगला सरावलेला कुत्राही कंटाळतो.

गोठवण्यापूर्वी वर सेंटीमीटरभर जागा सोडा, पाण्याचा अंश गोठताना फुगतो आणि भरण वर येतं. मगसकट फ्रीजरमध्ये उभं ठेवा. मध्यम आकाराला चार ते सहा तास, मोठ्याला रात्रभर लागतं. गोठल्यावर झाकणाच्या डब्यात हलवा, नाहीतर फ्रीजरचा वास लागतो आणि भरण कोरडं पडतं. नुसतं पाणी किंवा पातळ रस्सा गोठवू नका, तो दगडासारखा बर्फ होतो आणि जोरात चावणारे दात त्यावरही तुटू शकतात. मोडलेल्या दाण्यांचं भरण गोठलं तरी भुसभुशीत राहतं. न गोठवलेलं ओलं भरण फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. भरलेलं खेळणं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका: बाहेरून कोमट लागतं आणि आत कढत असतं. दोन-तीन खेळणी असली तर एक कुत्र्याकडे, एक फ्रीजरमध्ये, एक धुऊन वाळत, असं चक्र नीट बसतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना खोल खेळण्याच्या तळापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यांच्यासाठी तेच भरण खाचांच्या चाटायच्या चटईवर पसरून द्यावं.

घरंगळताना छिद्रातून दाणे पाडणाऱ्या चेंडूचं काम वेगळं. त्यात फक्त कोरडं जातं, ओलं कधीच नाही, कारण आतले कोपरे घासता येत नाहीत आणि बुरशी धरते. छिद्र दाण्यापेक्षा जेमतेम दीडपट ते दुप्पट असावं. सुरुवात पूर्ण उघड्या छिद्राने करा, मग हळूहळू आवळा.

देण्याची वेळ आणि जागाही आधी ठरवा. फिरून आल्यावर, शू-शी आटोपल्यावर, थोडा दमलेला असताना दिलेलं खेळणं सगळ्यांत जास्त वेळ चालतं. उधळलेल्या कुत्र्याला चाटत बसण्याइतका धीर नसतो. खाली धुता येणारी चटई टाका आणि रोज तिथेच द्या. पहिले काही दिवस तुम्ही घरात असताना द्या, नजर ठेवता येते आणि खेळणं म्हणजे माणसं निघाली असा संबंधही जुळत नाही. घराबाहेर पडताना द्यायचं झालं तर निघण्यापूर्वी दहा मिनिटं द्या. परत आल्यावर भरलेलं खेळणं जसंच्या तसं दिसलं आणि तुम्ही येताच तो त्यावर तुटून पडला, तर त्याला एकटेपणाची खरोखर भीती वाटते आहे असं समजा. घाबरलेला कुत्रा खात नाही. तिथे भरण बदलून उपयोग नाही. पशुवैद्य आणि वर्तनाचं काम करणारा प्रशिक्षक यांच्याशी बोलायला हवं.

दोन कुत्री असतील तर दोन खेळणी आणि दोन खोल्या, मधलं दार बंद. एरवी गुण्यागोविंदाने राहणारी कुत्रीसुद्धा तासभर टिकणाऱ्या खाऊवरून भांडतात, आणि लवकर संपवणारा दुसऱ्याकडे जातोच. लहान मुलांनी कुत्रा खेळण्यावर असताना त्याच्या जवळ जाऊ नये. रिकामं खेळणं काढून घेताना ओढाताण नको. चार दाणे दोन पावलं लांब टाका, तो तिकडे वळला की उचला. रोज हिसकावून घेतलं तर पुढे गुरगुरणं सुरू होतं, आणि त्यात कुत्र्याची चूक नसते.

अर्धवट राहिलेलं ओलं भरण दोन तासांनंतर टाकून द्या. रिकामं झाल्या झाल्या खेळणं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, वाळलेलं भरण काढणं फार जिकिरीचं असतं आणि मुंग्या लगेच लागतात. अर्ध्या तासाने बाटली घासायचा ब्रश मोठ्या छिद्रातून फिरवा, लहान छिद्रात जुना मऊ टूथब्रश घाला, आणि पाण्याची धार एका टोकाकडून सोडून दुसरीकडून स्वच्छ बाहेर येते का पाहा. तोंड खाली करून वाळवा. आत ओल असताना पुन्हा भरू नका. धुताना दर वेळी कडा दाबून, पिळून तपासा: भेग पडली असेल, लचका निघालेला दिसला, किंवा रबर चिकट होऊन त्याची भुकटी सुटायला लागली असेल, तर ते खेळणं त्याच दिवशी कचऱ्यात. तुटलेला तुकडा सापडला नाही आणि कुत्रा उलट्या करतो आहे, जेवण नाकारतो आहे किंवा पोट ताठ झालं आहे, तर उद्यापर्यंत वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या, आणि उरलेलं खेळणं सोबत घ्या, म्हणजे केवढा तुकडा गेला असेल ते त्यांना दिसेल.